नववीचं गणित आणि रैनूचा हात

सर्व लहानथोरांस कळवण्यात येते की, मराठी भाषेतला एक तीन अक्षरी शब्द गडचिरोलीच्या एका हायस्कुलात मोकाट सुटला असून त्याने नववीतल्या एका मुलाचा उजवा हात सुजवून ठेवला आहे. शब्दाचा तपास चालू आहे.

अशी दवंडी मी त्या वर्षी खरंच पिटायला हवी होती. पण शब्द कुठला, हेच मला ठाऊक नव्हतं. मला दिसत होता फक्त हात.

हात रैनूचा. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या गोंड वस्तीतून आलेला मुलगा. मी वसतिगृहाचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे मुलांची जेवणं, मुलांचे ताप आणि मुलांचं पळून जाणं सांभाळणारा माणूस. शाळेत इतिहास शिकवायचो आणि गॅदरिंगला राणी व्हायचो. राणी मी फार चांगली व्हायचो, हे नम्रपणे नमूद करतो.

सहामाहीत रैनूला गणितात भोपळा मिळाला. नववीचं गणित खुद्द हेडमास्तर घेत. त्यांनी मला बोलावलं.

"वार्षिकाला हेच झालं, तर त्याची वसतिगृहातली जागा दुसऱ्याला."

"साहेब, धानोऱ्याच्या मिडल स्कुलात तो पहिला होता."

"मिडल संपलं. आणि पोरगा उद्धट आहे. मी उदाहरणाला तोंड फोडलं न फोडलं, की उभा राहून म्हणतो, समजलं नाही. अजून शिकवलेलंच नसतं हो. छडी देतो मग."

"रोज?"

"तो रोज उभा राहतो."

जागा गेली तर रैनूने काय करायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. बापाबरोबर कूपात जायचं. कूप म्हणजे जंगलात तोडीसाठी आखून दिलेला तुकडा. त्याच्याच गावचा आमचा दुसरा मुलगा दिवाळीला घरी गेला, तो परत आला नाही. कूपात सागाचं झाड त्याच्या अंगावर आलं. बातमी आली तेव्हा रैनू जेवत होता. त्याने जेवण संपवलं, ताट धुतलं आणि मला म्हणाला, "आता त्याच्या जागी मले नेतीन."

मी हात धुऊन त्याच्या गणितामागे लागलो. पहाटे उठवलं. पाढे म्हणून घेतले. पाढे त्याला माझ्यापेक्षा चांगले येत होते. मळणीची, बैलांची, मोहफुलांच्या टोपल्यांची गणितं तो तोंडी करायचा. मग भोपळा कशाचा?

एका रविवारी त्याला तलावाच्या पाळीवर घेऊन बसलो. पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. "समजा, एका माणसाजवळ..."

रैनूने उजवा हात पुढे केला. तळवा वर.

"हे काय रे?"

"मारा नं, गुर्जी."

"काऊन मारू?"

"तुमी समजा म्हणलं. मले अजून नाई समजलं."

माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

बघा, रैनूचं घरचं बोलणं गोंडी. मराठी शिकला ती फॉरेस्ट गार्डांकडून आणि मास्तरांकडून. 'समजा' हा शब्द दोघांच्याही तोंडून हुकूम म्हणूनच यायचा, डोळे वटारून. धानोऱ्याचे मिडलचे मास्तर निम्मं गोंडीत समजावत, म्हणून तिथे भागलं. हायस्कुलात मात्र प्रत्येक उदाहरण याच शब्दाने सुरू. समजा, अबक हा त्रिकोण आहे. समजा, क्ष ही एक संख्या आहे. रैनूला ऐकू यायचं, की आत्ताच्या आत्ता समजून घ्या. प्रामाणिक पोरगा उभा राहून सांगायचा, नाही समजलं. वर्ग हसायचा. छडी. पुढे पुढे त्याने उभं राहणंही सोडलं. शब्द आला की हात पुढे.

त्यांच्याकडे दिवाळीनंतर दंडार होते. दंडार म्हणजे रात्रभराचं गावातलं नाटक, बायांची कामंही बाप्येच करतात. मी खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला आणि मुरका मारला. पाळीखाली धुणं धुणाऱ्या बायांनी हात थांबवले.

"मी कोण?"

"राणी."

"खरी?"

"नाई. सोंग हाय."

"क्ष पण सोंगच आहे. कुठल्यातरी आकड्याने पदर घेतलाय. गणित सुटलं की पदर खाली."

रैनू म्हणाला, "आन् हेडमास्तरले हे आधीच मालूम रायते?"

"राहते."

"मंग सांगत काऊन नाई?"

खालून एक बाई म्हणाली, "मास्तर, पदर नीट घ्या, टक्कल दिसून राह्यलं." तिथे धडा संपला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"मग भूमितीत 'समजा'च्या जागी काय म्हणू? 'कृपा करून'?"

"साहेब, निदान छडी तरी..."

"पोरांनी काय म्हणायचं? गोंडाच्या पोरासाठी नियम बदलला?"

छडी थांबली नाही, कमी झाली. कारण रैनू आता हात पुढे करत नव्हता. वार्षिकाला तो गणितात पास झाला, काठावर. जागा राहिली. पुढे दहावीही झाली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुरती मिटेनात, ती कायमची तशीच राहिली. शाळेत वर्षं काढून एवढं कळलं: मुलाचं उत्तर वेडंवाकडं आलं, तर आधी आपल्या प्रश्नाचा पहिला शब्द तपासावा. हे मी दोन-तीन शिक्षकांच्या सभांमध्ये सांगितलं. चहा छान होता.

नववीच्या निकालाच्या दिवशी रैनूचा बाप चालत आला होता. पोराला ठेवायचं की न्यायचं, ते तो बघून ठरवणार होता. हेडमास्तर खुशीत होते. म्हणाले, "बाबा, छडीने काम केलं. पोरगा दहावीत गेला."

बापाने रैनूचा हात स्वतःच्या हातात घेतला. बोटं एकेक करून मिटवून पाहिली. दोन मिटली नाहीत. त्याने वर पाहिलं आणि सगळ्या ऑफिसादेखत विचारलं,

"दहावीत कोनता हात लागते, साहेब?"