भरती नसलेलं पाणी

गोपीनाथ मयेकराने पंचांगात आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे तिथी. तीही भरतीपुरती. मुहूर्त, राहूकाळ यांच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मालवणात लहानपणी शिकलेलं गणित साधं होतं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पुढे तो जहाजांवर चढला, इंजिनरूममध्ये केस पांढरे करून चीफ इंजिनिअर झाला. तिथे भरतीची छापील कोष्टकं होती, तरी डोक्यात पाऊणपट चालूच राहिली.

आता तो सिंगापुरात, आंग मो किओच्या वस्तीतल्या नवव्या मजल्यावरच्या आपल्याच फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखा राहत होता. शेवटचं कंत्राट संपून तीन महिने झाले होते. घराला त्याच्यावाचून चालायची सवय लागली होती. गिरिजाचे दिवस ठरलेले होते: सकाळी बाजार, दुपारी वाचनालय, संध्याकाळी खालच्या बाकावर शेजारणी. तो मध्येच उभा राही, तेव्हा ती त्याला वळसा घालून जाई, खुर्चीला घालावा तसा. रागाने नव्हे. चमचे कुठे असतात हे त्याला अजून विचारावं लागे.

शुक्रवारी सुबोधचा फोन आला. सुबोध कंपनीत जहाजांवर माणसं नेमण्याचं काम बघायचा.

"चीफ, सहा महिन्यांचं जहाज आहे. सोमवारपर्यंत सांगा."

जेवताना गोपीनाथने ते गिरिजाला सांगितलं. तिने भात वाढला आणि म्हणाली, "बरं."

हे 'बरं' त्याच्या ओळखीचं होतं. लग्नापासून प्रत्येक निघण्याच्या आधी ते आलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते ऐकून तो सुटल्यासारखा झाला होता. या वेळी तसं झालं नाही. ती थांब म्हणाली असती, तर तो थांबला असता. ती म्हणणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. तिला तो हवा आहे की नाही, हे विचारायची भाषा दोघांनीही कधी केली नव्हती.

त्याच आठवड्यात बसने चार स्टॉपवरच्या जलाशयाच्या काठी मासेमारीसाठी नवा लाकडी धक्का खुला झाला होता. हात पुसत तो म्हणाला, "रविवारी गळ घेऊन गरवायला जातोय. येतेस?"

इतक्या वर्षांत त्याने तिला असं बोलावलं नव्हतं. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"येते ना."

रविवारी चतुर्थी होती. चारची पाऊणपट तीन. पाणी चढत असतानाच मासा काठाला येतो, म्हणून जेवून लगेच निघायचं ठरलं. आमिषाची कोळंबी डब्यात बर्फावर ठेवून तो दारात उभा राहिला, तेव्हा मुलगी ईशा सोफ्यावरून ओरडली, "बाबा, एक वाजता कोण फिशिंगला जातं? सो हॉट, लाह!"

"तुला काय कळतं त्यातलं?"

गिरिजाने लिफ्टमध्ये काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

जलाशयावर ऊन पसरलं होतं. पहिल्या दिवसांची गर्दी सकाळीच येऊन गेली होती. उरले होते ते कडेच्या झाडाखाली डुलक्या घेणारे दोघं-तिघं. त्यांच्यातल्या रुंद टोपीवाल्या म्हाताऱ्या चिनी गृहस्थाने गोपीनाथच्या हातातला डबा पाहून मान हलवली आणि फलकाकडे बोट दाखवलं.

"अंकल, प्रॉन कॅनॉट. ओन्ली प्लास्टिक."

जिवंत काय, मेलेलं आमिषही चालत नव्हतं. गृहस्थाने आपल्या पेटीतून एक रबरी बेडूक काढून दिला. गोपीनाथने तो चिमटीत धरून गिरिजाला दाखवला.

"याला कोण खाणार?"

"तुमच्या बोटीवरचं जेवण तुम्ही खातच होते ना," ती म्हणाली.

त्याने धक्क्याच्या एका खांबावरची चीर नजरेने हेरून ठेवली आणि पाणी तिच्यापर्यंत यायची वाट बघत बसला. गळ टाकायची घाई नव्हती. ऊन हललं. खांबाची सावली हलली. पाणी होतं तिथेच होतं.

"काय पाहून राहिले तुम्ही?" गिरिजाने विचारलं. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या तिच्या मामांनी हे लग्न जमवलं होतं. बोलणं कोकणाने आणि सिंगापूरने घासून गुळगुळीत केलं होतं, पण मधूनच माहेर डोकं वर काढी.

"पाणी चढू दे. मग मासा येईल."

ती हळूच म्हणाली, "अहो, तळं आहे ते."

"माहीत आहे."

"तळ्याला भरती कुठून येईल, बाप्पा?"

गोपीनाथ खांबाकडे पाहत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू वर आलं. जगातली निम्मी बंदरं पाहिलेला चीफ इंजिनिअर अडवलेल्या पाण्याच्या काठी भरतीची वाट बघत बसला होता. गिरिजाही पदराने डोळे टिपत हसली. टोपीवाल्याने डोळा उघडून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"घरीच का नाही बोललीस?"

"पहिल्यांदा बोलावलं होतं तुम्ही. म्हटलं, उन्हात तर उन्हात."

रबरी बेडूक दोरीला बांधत तो म्हणाला, "तुमच्याकडे तळ्यावर कसं करतात?"

"बसतात. पाणी कुठे जात नाही, मासाही कुठे जात नाही. उन्हं कलली की आपसूक वर येतो."

मग ती तिच्या गावच्या तलावाबद्दल बोलू लागली. लग्नाच्या दिवशी वरातीतून त्याने तो पाहिला होता, तेवढाच. किती वर्षांचं हे बोलणं तिच्यापाशी साठून होतं, आणि ते ऐकायला कुणी नव्हतं, असं त्याला वाटलं.

ऊन कललं. बोलता बोलता ती थांबली.

"ते पाहा. लाल."

पाण्यावर ताटाएवढा तांबूस डाग थरथरत होता. इंजिनात आयुष्य गेलेल्या माणसाला तो गंज वाटला. पण डागाखालून काहीतरी जाड आणि काळं वर येऊन हवा गिळून गेलं, तसा त्याने विचार न करता बेडूक फेकला.

"अहो, नका—"

काठी वाकली. टोपीवाला जाळं घेऊन धावत आला. बऱ्याच ओढाताणीनंतर हातभर लांबीचा मासा फळ्यांवर आपटू लागला.

"तोमान! गुड, गुड!" टोपीवाल्याने माशाचं इकडचं नाव घेत अंगठा दाखवला.

"मरळीतलीच आहे," गिरिजा म्हणाली. "सोडा तिला. लवकर. ती लाल पिल्लं तिची आहेत."

गोपीनाथने गळ सोडवला आणि ओणवा होऊन मासा पाण्यात धरला. तो क्षणभर हातात तसाच राहिला, मग निसटला.

डाग विस्कटला होता. पाण्यावर इकडेतिकडे बारीक वर्तुळं उठत होती. खालून दुसरे मासे पिल्लांना टिपत होते.

"आता?"

"आता बघायचं, येते का परत."

"आणि नर?"

"तोही राहतो. दोघं राखतात."

त्याने काठी खाली ठेवली. ईशाला कांजिण्या आल्या होत्या, हे त्याला खपल्या पडून गेल्यावर एका बंदरात पत्रातून कळलं होतं. तेव्हा त्याने पत्र घडी करून खिशात घातलं होतं आणि पंप बघायला खाली गेला होता. आता बघायला पंप नव्हता. दोघं पाण्याकडे पाहत बसली.

उशिराने, झाडाच्या सावलीत, तांबूस ठिपके एकत्र यायला लागले. डाग पहिल्याहून लहान होता. त्याच्याखालून काळी पाठ वर आली, हवा गिळून गेली.

"आली," गिरिजा पुटपुटली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"चीफ, उद्या सकाळी नाव पाठवायचंय. करू का पक्कं?"

"सुबोध, दुसरा माणूस बघ."

"अहो, कॅप्टनने तुमचंच नाव घेतलंय."

"त्याला माझा नमस्कार सांग."

फोन ठेवला तेव्हा गिरिजा पाण्याकडेच पाहत होती. तिने 'बरं' म्हटलं नाही. कोळंबीच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा घट्ट लावलं.

"बर्फ आहे अजून. आज रात्री करून टाकते. चला."

दोघं बस स्टॉपवर येऊन उभी राहिली. तो घरी असताना गिरिजा पुढच्या आठवड्याचा विषय कधी काढत नसे. कंपनीचा फोन केव्हाही यायचा, आणि बेत मोडण्यापेक्षा बेत न करणं तिला सोपं वाटे. बस वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या रविवारी उजाडायच्या आत येऊ. खरा मासा पहाटे असतो."

"पुढच्या रविवारी तिथी कोणती?"

"कोणती का असेना," ती म्हणाली आणि डबा त्याच्या हातात देऊन बसमध्ये चढली.