मिलिमीटर मावशी आणि दोन झाकणं

प्रयोगशाळेच्या उंदीरघरात मावशींना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांच्या त्या 'मिलिमीटर मावशी'. कालच जन्मलेलं, चिमटीत मावणारं गुलाबी पिल्लू उचलायचं आणि शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर व्हर्नियरच्या चिमट्यात धरून मोजायचं, हे त्यांचं काम. मादीत ते जेमतेम दीड मिलिमीटर, नरात दुप्पट. कारण आईच्या पोटात असतानाच नराच्या इवल्याशा वृषणांतून हॉर्मोन सुटतं आणि पुढची घडण करून घेतं. ते अडवलं, की नराचंही अंतर आखूड राहतं.

"आम्ही इंचात कापड कापतो आणि आमची बायको केसाएवढ्या फरकावरून भांडते," असं त्यांचा शिंपी नवरा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगे.

या खेपेला डॉक्टरबाईंनी गाभण उंदरिणींचे दोन गट केले होते. एका गटाला साधं तेल, दुसऱ्याला हॉर्मोन अडवणारं औषध तेलात कालवून. पिल्लं झाली, मावशींनी मोजली, आणि बाईंनी कपाळाला हात लावला. साध्या तेलाचे नर आखूड, औषधवाले अगदी ठणठणीत!

"मावशी, तुम्ही पिल्लांची अदलाबदल केलीत. नाहीतर डोळे गेलेत. पहिल्या तारखेपासून तुम्ही स्टोअररूम सांभाळा."

"टेबलावर मी एका वेळी एकच पिंजरा घेते, बाई. वीस वर्षं."

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मावशींचा जीव तुटला. वीस वर्षांचं नाव, आणि आता काय, झाडूचे गठ्ठे मोजायचे?

घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि त्याच्यापुढे हात केला. "आण तुझी सगळ्यात बारीक सुई." दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला.

"डोळे शाबूत आहेत," नवरा म्हणाला. "जीभही आहेच. मग एवढंच बोलून गप्प का बसलीस?"

पिल्लं तेरा दिवसांची होईपर्यंत मावशी थांबल्या. एवढ्या वयाच्या मादी पिल्लांच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके दिसतात. नरांच्या पोटावर दिसत नाहीत, कारण त्या हॉर्मोननं ते आधीच पुसलेले असतात. तेराव्या दिवशी त्यांनी बाईंना साध्या तेलाच्या पिंजऱ्यापाशी ओढतच नेलं आणि एक नर उताणा धरला. पोटावर ठिपक्यांच्या दोन रांगा.

"हे बघायला व्हर्नियर लागत नाही. औषध यांच्याच आयांच्या पोटात गेलंय. आता बाटल्या काढा."

दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. 'साधं तेल' लिहिलेल्या झाकणाखाली गढूळ तेल, 'औषध' लिहिलेल्या झाकणाखाली नितळ. नावं झाकणांवर लिहायची सवय बाईंचीच, आणि पहिल्याच दिवशी झाकणं धुऊन लावली होती तीही बाईंनीच.

बाई लालबुंद झाल्या. मग खुर्चीवर बसून खळखळून हसल्या. "चुकले मी, मावशी. खरंच चुकले." बदलीचा कागद त्यांनी तिथंच फाडला आणि नवी नावं बाटल्यांच्या अंगावर लिहून घेतली. मावशींच्या अक्षरात.

घरी नवऱ्यानं मशीनवरून मान वर केली. "काय झालं स्टोअररूमचं?"

"गेली खड्ड्यात," मावशी म्हणाल्या आणि त्याची सुई ओवायला बसल्या. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांतल्या पाण्यातून समोरचं सगळंच धूसर दिसत होतं.

नवऱ्यानं हळूच सुई काढून घेतली, स्वतः ओवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मावशींना चिडवलं नाही.