लिहिलेलं तसंच ठेवा, इंजिन बदला

माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळं वेबसाइटच्या इंजिनासाठी मी मीटिंगमध्ये भांडलो असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. भांडलो आणि जिंकलोही.

आमच्या जळकोटकडच्या गावांतल्या बायकांनी चटण्या, मसाले, आंबिलीचं पीठ विकायची कंपनी काढली, त्यात माझी बायको सगळ्यांत पुढं. वेबसाइट आमच्या लेकीनं बांधली. ती लातूरला कॉम्प्युटरचं काम करते. कोणत्या मालाखाली काय लिहायचं ते हिनं बोलायचं आणि लेकीनं टाइप करायचं. कारळाच्या चटणीखाली लिहिलंय, "पुण्याच्या जावयाला वाढताना आधी सांगा, लई तिखट हाय." भज्जी म्हणजे आमच्याकडची सगळ्या दाण्यांची मिसळ भाजी. तिच्या दाण्यांखाली, "सारखं झाकण उघडून बघू नये. भज्जीला राग येतो." लोक वाचायला यायचे आणि माल घेऊन जायचे.

मागच्या वर्षी बायको गेली. तिचा आवाज कुठं साठवून ठेवलेला नाही. बायको घरात असताना तिचा आवाज कोण साठवतं? तिचं बोलणं म्हणून उरलं ते वेबसाइटवरचं. रोज सकाळी चहाच्या आधी मी ते उघडायचो.

पण वेबसाइट थकली होती. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळं गाव रानात जेवतं. बाहेर गेलेल्या पोरांनाही त्या दिवशी भज्जी अन् आंबील पाहिजेच, पण मागवायचं सुचतं ते अगदी सणाच्या तोंडावर. सगळे एकदम आले की पडद्यावर चाक फिरत बसायचं आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. कंपनीच्या कमिटीनं ठरवलं, ही मोडा आणि पुण्याच्या एका फर्मकडून नवी करून घ्या. मी त्यांचा नमुना बघितला. सगळ्या मालाखाली एकच वाक्य, शुद्ध आणि दर्जेदार. हिचं काहीच नाही. जुनं ठेवायला ती फर्म तयारच नव्हती.

लेक म्हणाली, मोडायची गरज नाही. तिनं मला समजेल असं सांगितलं. वेबसाइट म्हणजे स्क्रिप्ट, कामं सांगून ठेवलेली. ती स्क्रिप्ट वाचून कामं करतं ते इंजिन. आपलं इंजिन हळू हाय, आणि त्याच भाषेची स्क्रिप्ट वाचणारं दुसरं, पळणारं इंजिन मिळतं.

"मग तुझ्या आईचं लिहिलेलं?" मी विचारलं.

"एक अक्षर हालत न्हाई, आप्पा."

तिनं कमिटीला हे आधीच सांगून बघितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. सगळी दुनिया जे इंजिन वापरते ते सोडून भलतंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. बायकोचा शेअर माझ्या नावावर झाला होता, म्हणजे मत मलाही होतं. मीटिंग नांदेडला होती. मी गाडी धरली, लेकही लातूरहून आली.

मीटिंगला अध्यक्ष बाई होत्या, हिची जुनी मैत्रीण. आणि उपाध्यक्ष, लातूरजवळच्या मुरुडचे भुसार व्यापारी, तोंडानं तिखट. मी उठलो तसे ते म्हणाले, "आप्पा, तुम्हाला मोबाइलचा आवाज कमी करता येत न्हाई, अन् इंजिन बदलायला निघालाव?"

सगळे हसले. मी हसणं संपू दिलं. मग म्हटलं, आपण नवा बैल घेतो तेव्हा जुना आधी विकून टाकतो का? जुन्याच्या जोडीला जुपून दिवसभर ओढू देतो आणि मग ठरवतो. तसं करा. लेकीला विचारलं, होईल का? होईल म्हणाली. अर्धी गिऱ्हाइकं जुन्या इंजिनावर सोडायची, अर्धी नव्यावर.

व्यापारी म्हणाले, मग येळवशीच्या दिवशीच करू, सगळे रानात असतात, बिघडलं तरी कुणाला कळणार नाही.

"मोकळी गाडी ओढायला लावून बैल पारखता व्हय मालक? भरल्या गाडीला जुपा. येळवशीच्या आधी, गर्दीत."

अध्यक्ष बाईंनी मला विचारलं, "अन् नाही ओढलं तर, भाऊजी?"

"तर मोडा. मोडायच्या बाजूनं पहिला हात माझा."

बोलून गेलो. हात वर केला असता तर हिचं बोलणं माझ्याच हातानं पुसलं गेलं असतं.

गर्दीच्या दिवशी लातूरच्या ऑफिसात आम्ही बसलो. व्यापारी मुद्दाम आले होते. सकाळीच नव्या इंजिनावर एका पानाची जोडाक्षरं फुटली. भज्जीची भज् आणि जी वेगवेगळी. ते खूश झाले. "बैल बसला की, आप्पा." लेकीनं स्क्रिप्ट उघडली. स्क्रिप्टमधली एक ओळ नव्या इंजिनाला कळत नव्हती, ती शोधून तिनं नीट केली.

दुपारनंतर पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी सुरू झाल्या. जुन्या इंजिनावर तेच चाक. नव्यावर बोट लावायचा अवकाश की पान उघडत होतं. व्यापारी एका फोनवरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर, सारखे तपासत होते. शेवटी नव्यावरून त्यांनी पुण्यातल्या आपल्या लेकीसाठी चटणी मागवली आणि फोन खिशात टाकला.

"हाव. ओढलं," म्हणाले.

अध्यक्ष बाईंना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ताई राहिल्या." मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

पुढच्या मीटिंगला जुनी वेबसाइट नव्या इंजिनावर ठेवायचं ठरलं. पुण्याच्या फर्मला नको म्हणून कळवलं. सगळ्यांत आधी हात व्यापाऱ्यांचा वर गेला. विरोधात एकही नाही.

आता कुणाची वेबसाइट अडली की ते व्यापारीच माझ्याकडं पाठवतात. गेल्या महिन्यात माहूरला गेलो होतो. तिथं ओटीचं सामान वेबसाइटवर विकणारं एक कुटुंब आहे. तेही मोडायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं, लिहिलेलं राहू द्या, आधी दुसरं इंजिन लावून बघा, आणि नवरात्राच्या गर्दीत बघा. घरातली सून लगेच माझ्या लेकीचा नंबर लिहून घ्यायला लागली. सासरे म्हणाले, विचार करतो. मी म्हटलं, करा. मी जेवूनच जातो.