हर्षदीपचा सोवळा प्रोग्राम

हैदराबादची नोकरी सोडून हर्षदीप आदिलाबादला परतला, तेव्हा सामानात कपडे, लॅपटॉप आणि एक पंथ होता. पंथ प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा. त्यांचा दंडक असा, की एकदा केलेली वस्तू पुन्हा बदलायची नाही. बदल हवा असेल तर नवीच करायची. हे पाळतो तो प्रोग्राम शुद्ध, बाकी सगळे अशुद्ध. नव्या बाटग्याला बांग जोरात द्यावी लागते. चहाच्या टपरीवर हर्षदीप शुद्धतेवर बोलायला लागला की लोक अर्धा चहा टाकून उठायचे. वडील बाबाराव मात्र निवृत्त मास्तर. त्यांना ऐकून घ्यायची सवय होती.

गावाबाहेरच्या एका जिनिंग मिलने त्याला काम दिलं. कापसाची ट्रॉली काट्यावर चढली की काटा क्षणाक्षणाला वजन सांगत राहतो. ते सगळे आकडे एका सलग मजकुरात साठवायचे, म्हणजे काटा मारल्याची तक्रार आली तर दाखवता येतं. हंगामाचा पहिला दिवस नीट गेला तर काम कायमचं, नाहीतर पुन्हा हैदराबादची बारकी खोली आणि बारका साहेब.

मदतीला चुलत बहीण प्रीती होती. पोरगी हुशार होती आणि तोंडावर बोलायची, म्हणजे दोन्ही दोष होते.

"दादा, दर नव्या आकड्याला तू मागचा सगळा मजकूर पुन्हा कॉपी करून राह्यला," ती म्हणाली. "दुपारपर्यंत मशीन बसते, पाह्य. आधीच मोठी जागा धरून ठेव, तिच्यातच पुढं पुढं लिहीत जाय. भरली का दुप्पट घ्यायची. मी लिहून ठेवलं हाय."

"म्हणजे तीच जागा बदलत राहायची? असलं अशुद्ध काम माह्या प्रोग्रामात चालत नाई," हर्षदीप म्हणाला. "आन् उद्यापासून तू मिलमधे येऊ नको."

पहिल्या दिवशी सकाळी काटा छान चालला. हर्षदीप हाताची घडी घालून मिलच्या मुनीमाला शुद्धता समजावत होता. ऊन चढलं तसा मजकूर लांबला आणि प्रोग्राम धापा टाकू लागला. घरात नवं नातवंड आलं म्हणून पणजोबापासून सगळं कुळ पुन्हा जन्माला घालावं, तशातला तो कारभार. शेवटी काट्यावरची ट्रॉली उतरून गेली तरी पडद्यावर तिचंच वजन राहिलं. मागे रस्त्यापर्यंत रांग लागली.

"काऊन रे बाबू, काटा जेवाले गेला का?" रांगेतल्या महिपतने विचारलं, आणि सगळे हसले.

मिलचा मालक सेठ हसला नाही. "शाम तक चालू करो, नहीं तो पुराना वाला प्रोग्राम लगाता मैं," एवढंच म्हणाला.

काटा का अडला ते हर्षदीपला ठाऊक होतं, उपायही ठाऊक होता, आणि तो लॅपटॉपमध्येच पडला होता. इकडे तिकडे बघत त्याने प्रीतीचं लिखाण उचलून प्रोग्रामच्या पोटात घातलं. वरून असं झाकण बसवलं, की आत तीच जागा बदलते आहे हे बाहेरच्या कुणाला कळू नये. काटा धावायला लागला. दिवेलागणीपर्यंत सगळ्या ट्रॉल्या रिकाम्या झाल्या.

"किसका दिमाग है?" सेठने पाठ थोपटत विचारलं.

"मेराच, सेठ."

घरी जेवताना त्याने वडिलांना सगळं सांगितलं. पंथाच्या माणसाला आपली युक्ती पोटात ठेवता येत नाही. "प्रीतीचंच घेतलं, बाबा. पण आतमधे काय चालते ते बाहेरून दिसत नाई. मंग प्रोग्राम शुद्धच झाला ना."

"काम कायमचं झालं?"

"झालं."

"आन् प्रीती? तिले उद्या मिलमधे बोलावलं?"

हर्षदीप भाकरी कुस्करू लागला.

बाबारावांनी ताट सरकवलं. "माही माय पाटलाच्या वावरात ज्वारी खुडे," ते म्हणाले. "ज्वारी त्याच्या घरात चाले. भाकरीवर तिचे हात काई दिसत नव्हते. ती दारात उभी राह्यली, का घर बाटत होतं."