भोरच्या दवाखान्यातली घागर

माझी बायको चालताना पाय आपटायला लागली होती आणि दिवस मावळला की भिंत धरून फिरायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. मी पडलो शाळामास्तर, असल्या गोष्टींवरून आमच्या निम्म्या वेल्हे गावाशी भांडलेला. गाडी जुंपली आणि तिला थेट भोरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. ती लगेच एका अंगाला कलली. त्यांनी सावरलं नसतं तर औषधांच्या कपाटावरच गेली असती. आमच्या बाईसाहेब चिडल्या.

"डुईवर कायतरी द्या की. रिकाम्या डोक्यानं बाईमाणूस कसं उबं ऱ्हाईल?"

डॉक्टरांनी खरंच पाण्याची घागर मागवली. घागर डोक्यावर घेऊन, डोळे उघडे ठेवून, ती ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. थेंब सांडला नाही. मी मोठ्यानं हसलो, जिंकल्यासारखा.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा वाजवून तिच्या घोट्यावर टेकवला. त्याची थरथर तिला कळलीच नाही.

"पाय कुठं पडतोय ते हिच्या पायांना समजत नाही, मास्तर. ही डोळ्यांच्या आधारानं चालते. दिसेनासं झालं की पडणार. औषध नाही. जपा."

मी जपलं. अंधार पडल्यावर उंबऱ्याबाहेर जायचं नाही, उजाडल्याशिवाय झऱ्यावर जायचं नाही, असे नियम घालून दिले आणि स्वतःवर खूश झालो. पाणी आपण आणावं हे काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण मास्तराच्या डोक्यावर हंडा बघून गाव हसलं असतं.

श्रावणात आमच्याकडे ढग जमिनीवर उतरतात. त्या दिवशी सकाळी शाळेत मला शेवटच्या रांगेतली मुलं दिसत नव्हती, तरी मी पाढे घेत बसलो. न दिसायला काळोखच लागतो, असं मी मूर्ख धरून चाललो होतो. शेजारी धावत आला तेव्हा ती झऱ्याखालच्या कातळावर पडली होती. कंबर मोडली होती. ती पुन्हा उभी राहिली नाही, महिनाभरात गेली.

पण त्या सकाळी कातळावर मी तिच्यावर ओरडलो होतो, "तुला सांगितलं होतं ना!"

"उजाडल्यावरच गेले व्हते मी," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसंच."