तलावाचा पलीकडचा काठ

मधुकरभाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुलाकडे नागपूरला होते. गावी, सानगडीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... माझे धाकटे दीर. पोस्टातली नोकरी, लग्न केलं नाही, आणि वेड एकच. कॅलेंडरवरच्या चित्रातली शिडाची नाव त्यांना आमच्या तलावात चालवायची होती. वल्हं न मारता, नुसत्या वाऱ्यावर, पार पलीकडच्या काठापर्यंत.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी, दोन वर्षं आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, सागाच्या फळ्या आणि भुसा. फटींत सुतळी ठोकून त्यांनी वर डांबर ओतलं, तेव्हा त्या वासानं मला घास गिळवेना. कुरकुर मीच केली, आणि मांजरपाटाचं शीडही मीच शिवलं.

नाव पाण्यात गेली ती कार्तिकात. तलावभर ढीमर कोळ्यांचे शिंगाड्याचे वेल पसरलेले. त्यांचे डोंगे सपाट बुडाचे, वेलांवरून अलगद सरकतात. भाऊजींच्या नावेला मात्र चित्रातल्यासारखी तळाशी हातभर उभी फळी. शीड फुगलं, नाव वीसेक हात गेली आणि अडकली. मागे उपटलेल्या वेलांचा पट्टा. ते वेल लावणारा डोमाजी काठावर उभा होता.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी ती फळी करवतीनं कापली आणि नाव डोमाजीला शिंगाडे तोडायला देऊन टाकली. मी भडकले. शिंगाडे निघाल्यावर चालवा म्हटलं, तर म्हणाले, “वयनी, तवापावतर पानी धानाले जाते. अन् त्याइच्या पोटावरून मी नाव कायले चालवू?” रागाच्या भरात मी शीड फाडून उशांचे अभ्रे केले. ते नुसते हसले. नंतर नावेचा विषय घरात निघाला नाही... खरं तर मीच निघू दिला नाही.

तेराव्याला डोमाजी आला. त्यानं सांगितलं, तीन वर्षांमागे पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, धानाला पाणी सोडावं लागलं नाही, म्हणून शिंगाडे निघाल्यावरही तलाव भरलेला. भाऊजींनी त्याच जुन्या नावेत आपलं धोतर बांबूला बांधलं, डोमाजीला समोर बसवलं आणि वल्हं न मारता पलीकडचा काठ गाठला.

“मंग मले काहून नाई सांगतलं त्याइनं?”

“तुमी शीड फाडलं होतं ना बाई. वयनीले वाईट वाटंल म्हने.”

हे मी त्यांच्याच खोलीत, त्यांच्या खाटेवर बसून लिहिते आहे. त्या दिवशीही ते घरी येऊन माझ्या हातचं जेवले असतील. आणि एवढा उशीर कुठे केलात म्हणून मी त्यांना बोलले असेन.