किल्लीताईंची रेघ

सव्वीस वर्षं पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या बाईला लोकांनी 'किल्लीताई' म्हणावं? पण म्हणत. आणि ते त्यांच्या जिवाला लागायचं, लागणारच हो!

वेधशाळेच्या आवारात एका लाकडी खोलीत यंत्र होतं आणि ताईंच्या टेबलावरच्या पडद्यावर त्याची रेघ उमटायची. रेघ संथ असली की सगळं आलबेल. सूर्याच्या उचापतींमुळे रेघ उड्या मारू लागली, की आसपासच्या मंडळींना आठ वाजता इशारा धाडायचा: विमानतळ, वीज उपकेंद्र, जमीन मोजणारे आणि कबुतरवाले. चुंबकीय वादळात कबुतरांना घरची वाट सापडत नाही, म्हणून. यंत्राच्या खोलीत लोखंडाचा कणही न्यायचा नाही, हा पहिला नियम.

आणि गेल्या महिन्यात ताई कपाटाची जाडजूड लोखंडी किल्ली गळ्यात घालून तासभर आत साफसफाई करत होत्या! त्या हलत होत्या नि रेघ नाचत होती. बाहेर येऊन रेघ पाहिली आणि बाईंनी धडाधड इशारे धाडले. मोजणी थांबली, कबुतरांची शर्यत रद्द झाली. साहेबांनी चारचौघांत पाणउतारा केला. सगळ्यात जास्त खिदळला तो त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारा कबुतरवाला. "ताई, वादळाला कुलूप लावलंस ना?" असं रोज जिन्यात विचारायचा मेला.

तीच शर्यत आज होती. बावीस कबुतरं टेम्पोतून लांबच्या टेकडीवर नेऊन साडेआठला भाऊच सोडणार होता. त्यात भावाची भुरी होती. मादीनं उबवायचं सोडून दिलेलं अंडं, त्यानं दिव्याखाली उबवलेलं. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली.

साडेसातला रेघ थरथरली.

ताईंनी गळा चाचपला, खिसे उलटे केले, केसांतल्या पिना काढल्या, चपला काढल्या आणि अनवाणी आत जाऊन फरशीचा कोपरा न् कोपरा पाहिला. काही नव्हतं. बाहेर आल्या तर रेघ आणखीच उसळलेली. मग दाढेवरच्या धातूच्या टोपीचा संशय आला. काय म्हणावं! आठ वाजले. इशारा लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. पुन्हा हसं झालं तर? शेजारच्या वेधशाळेला फोन लावला, तो लागेना. उठल्या, बसल्या, नखं खाल्ली.

आठ पन्नासला फोन लागला. "अहो, आमची रेघ तर पडद्याबाहेर चाललीय! तुम्ही अजून कळवलं नाही?"

ताईंनी इशारा धाडला आणि भावाला फोन केला.

"सोडू नकोस! वादळ आहे, खरं वादळ!"

"सोडली," तो म्हणाला. मागे टेम्पोचा आवाज येत होता. फोन बंद झाला.

संध्याकाळी ताई गच्चीवर गेल्या. बावीसपैकी नऊ आपापल्या घरी परतली होती आणि त्यांत भुरी नव्हती. भाऊ कठड्याशी उभा राहून दाण्यांचा डबा खुळखुळवत होता. त्या आवाजावर ती कुठूनही यायची.

"बोल ना काहीतरी," ताई म्हणाल्या. "चिड. शिव्या घाल."

तो आभाळाकडेच बघत बोलला.

"साडेआठला सगळे सोडा सोडा म्हणून ओरडत होते. मी पिंजऱ्याच्या दारावर बसून राहिलो. म्हटलं, ताईचा फोन येईल. पावणेनऊपर्यंत थांबलो."

"पण तू तर माझ्यावर..."

"हसायचो. हसायला काय जातं?" त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "फोन आला नाही. ताई गप्प आहे म्हणजे आभाळ ठीक आहे, असं समजून मीच दार उघडलं."

ताईंना रडू फुटलं. पदरही डोळ्याला लावला नाही त्यांनी. पुढे होऊन त्यांनी त्याच्या हातातला डबा घेतला आणि खुळखुळवायला लागल्या.